यजमान सर्व्हर आणि त्याचा कारभारी

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शासकीय कार्यालयाच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या नागरिकाच्या कानी अलीकडे एक वाक्य वारंवार पडते : "सर्व्हर बंद आहे." जमिनीच्या उताऱ्यासाठी आलेला शेतकरी, मुलाच्या जन्माच्या दाखल्यासाठी आलेली माता, निवृत्तिवेतनाच्या चौकशीसाठी आलेले वृद्ध गृहस्थ, या सर्वांना हे वाक्य ऐकून परत फिरावे लागते. बसचे भाडे खर्च झालेले असते, दिवसाची मजुरी बुडालेली असते, आणि उद्या तरी काम होईल काय, या प्रश्नाला निश्चित उत्तर मिळत नाही. कधी कधी असेही दिसते की, एका खिडकीचे काम थांबले की शेजारच्या खिडकीचेही थांबते. दोन खात्यांचा परस्परांशी काही संबंध नसताना दोघांची यंत्रे एकाच क्षणी कशी बंद पडली, असा प्रश्न जाणत्या नागरिकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे.

त्याची कारणे अनेक असू शकतात. वीज जाते, दूरध्वनीची तार तुटते. परंतु एक कारण असे आहे की, जे सामान्यतः कोणास ठाऊक नसते. ज्यांना आपण दोन स्वतंत्र सर्व्हर समजतो, ते पुष्कळदा एकाच यंत्राच्या पोटात नांदत असतात. अशा यंत्रास यजमान सर्व्हर म्हणतात. लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या यजमान सर्व्हरचा कारभार कसा चालतो, तो नीट चालावा म्हणून कोणती पथ्ये पाळावी लागतात आणि ती न पाळल्यास कोणाचे नुकसान होते, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय तांत्रिक आहे खरा. परंतु ज्याने गावची सामायिक विहीर, सहकारी सोसायटीचे दप्तर किंवा देवस्थानचे भांडार सांभाळले असेल, त्यास तो परका वाटू नये.

एका पेटीत अनेक यंत्रे

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. संगणकशास्त्राने मात्र एका म्यानात दहा तलवारी ठेवण्याची युक्ती शोधून काढली. पूर्वी पत्रव्यवहारासाठी एक सर्व्हर, वेतनपत्रकासाठी दुसरा, संकेतस्थळासाठी तिसरा, अशी व्यवस्था असे. यांपैकी बहुतेक यंत्रे दिवसाचा पुष्कळसा वेळ रिकामी बसून वीज मात्र खात. सर्व कामे एकाच यंत्रावर टाकावीत, तर एका कामातील बिघाड दुसऱ्यास बाधे. यावर उपाय असा निघाला की, एका बलवान यंत्रावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक संपूर्ण संगणक निर्माण करावेत. त्यांतील प्रत्येकास स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची रॅम, स्वतःची डिस्क आणि स्वतःचे नेटवर्क कार्ड असल्याचा भास होतो. प्रत्येकात स्वतंत्र कार्यप्रणाली चालते आणि या पेटीत आपण एकटेच आहोत, अशीच तिची समजूत असते. यांना आभासी यंत्रे म्हणतात. पेटी यजमान, आणि ही यंत्रे तिचे पाहुणे.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात तिचा प्रथम प्रयोग झाला, आणि १९७२ साली त्या कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम ३७० ही प्रणाली जाहीर केली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी चांगल्या यजमानाची लक्षणे शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. पाहुण्यास खऱ्या यंत्रावर असल्यासारखेच वाटावे, साधनसामग्रीवरील संपूर्ण ताबा यजमानाकडे राहावा आणि पाहुण्याचे बहुतेक काम मध्यस्थाविना, प्रत्यक्ष प्रोसेसरवरच व्हावे, अशी ही तीन लक्षणे. पन्नास वर्षे उलटून गेली तरी ती जुनी झालेली नाहीत.

सामान्य कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या स्वस्त संगणकांवर मात्र हे साधणे कठीण होते, कारण त्यांच्या प्रोसेसरांची रचनाच त्यास अनुकूल नव्हती. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने सॉफ्टवेअरच्या कौशल्याने ही अडचण ओलांडली. पुढे २००५ व २००६ या वर्षांत इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली, आणि ही विद्या सर्वांच्या आवाक्यात आली.

लिनक्सचा प्रवेश येथेच होतो. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रसिद्ध केला. त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे; तो कोणीही वाचावा, सुधारावा आणि वाटावा, अशी त्याच्या परवान्याची अट आहे. अवी किव्हिटी या अभियंत्याने २००६ मध्ये केव्हीएम हा भाग लिहून जाहीर केला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये समाविष्ट झाला. त्या दिवसापासून प्रत्येक लिनक्स यंत्र, प्रोसेसर अनुकूल असल्यास, यजमान होण्यास पात्र ठरले. पाहुण्यास लागणाऱ्या डिस्क, पडदा, नेटवर्क कार्ड या वस्तूंचा भास निर्माण करण्याचे काम क्यूएमयू हे सॉफ्टवेअर करते. त्याचा आरंभ फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ साली केला. या सर्वांवर देखरेखीची सोयही उपलब्ध आहे. लिबव्हर्ट नावाच्या साधनसंचाने आज्ञा लिहून कारभार करता येतो, तर व्हिएन्ना येथील एका कंपनीने २००८ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रॉक्समॉक्स या प्रणालीत तोच कारभार पडद्यावरील तक्त्यांतून करता येतो. ही प्रणाली डेबियन या लिनक्सच्या वितरणावर उभी आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्यानंतर तिच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत लागू केली. तेव्हापासून अनेक देशांतील संस्था लिनक्सच्या यजमानाकडे अधिक लक्षपूर्वक पाहू लागल्या आहेत. भारत सरकारनेही मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा स्वीकार करण्याचे धोरण २०१५ सालीच जाहीर केले आहे. तथापि परवाना फुकट मिळाला म्हणून कारभार फुकट होत नाही. परवान्यात वाचलेला पैसा कारभाऱ्याच्या शिक्षणावर आणि दुसऱ्या डिस्कवर खर्च करण्याची तयारी नसेल, तर ती बचत पुढे फार महागात पडते.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

यजमानाचे पहिले कर्तव्य वाटणीचे. समजा, एका यजमानाकडे ६४ गिगाबाइट रॅम आहे. उत्साही कारभारी त्यावर प्रत्येकी ८ गिगाबाइटचे ८ पाहुणे बसवितो. गणित बरोबर जुळते आणि पहिले काही आठवडे सारे सुरळीत चालते. कारण पाहुण्यास कबूल केलेली सगळी रॅम तो पहिल्याच दिवशी मागत नाही. पुढे महिनाअखेर येते, वेतनपत्रके निघू लागतात, सर्व पाहुणे एकाच वेळी आपला वाटा मागतात, आणि यजमानाच्या ध्यानात येते की स्वतःसाठी आपण काहीच राखून ठेवलेले नाही.

अशा वेळी काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. केव्हीएमच्या पद्धतीत प्रत्येक पाहुणा म्हणजे यजमानाच्या दृष्टीने एक साधी प्रक्रिया असते. इतर कोणताही कार्यक्रम चालतो, तसाच तोही चालतो. रॅम अगदीच संपली की लिनक्सचे कर्नल स्वतःचा बचाव करण्यासाठी एखादी प्रक्रिया ठार करते, आणि निवड करताना सर्वांत अधिक रॅम व्यापणारीकडे त्याचे लक्ष प्रथम जाते. सर्वांत मोठा पाहुणा बहुधा सर्वांत महत्त्वाचा असतो. म्हणजे ज्या यंत्रावर नागरिकांच्या नोंदी आहेत, तेच प्रथम बळी पडते. पाहुण्याच्या आत पाहिले तर कोणताही दोष सापडत नाही. दोष असतो तो वाटणी करणाऱ्याच्या हिशेबात. म्हणून जाणता कारभारी यजमानासाठी काही गिगाबाइट आधी बाजूस काढतो आणि उरलेल्यांतून पाहुण्यांस वाढतो.

प्रोसेसरच्या बाबतीत थोडी सवलत आहे. वेळ वाटून घेता येतो. म्हणून १६ गाभ्यांच्या यजमानावर पाहुण्यांना मिळून त्याहून अधिक गाभे कबूल केले तरी चालते. गर्दी झाली तर कामे मंदावतात, मरत नाहीत. पाहुण्यास आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागली, तर तो काळ लिनक्स पाहुण्याच्या नोंदीत 'स्टील टाइम', म्हणजे चोरीला गेलेला वेळ, या नावाने दिसतो. हा आकडा सतत वाढता दिसला की पंगत मोठी आणि वाढपी थोडे झाले, असे समजावे.

डिस्कच्या वाटणीत सर्वांत मोठा मोह असतो. पाहुण्यास १०० गिगाबाइटची डिस्क दिली, तरी तो जितके लिहील तितकीच जागा प्रत्यक्षात खर्च व्हावी, अशी सोय उपलब्ध आहे. तीमुळे २ टेराबाइटच्या भांडारातून ३ टेराबाइटची आश्वासने देता येतात. आश्वासने सर्वांनी एकदम वटविली नाहीत, तोवर हे चालते. भांडार भरले की मात्र एक नव्हे, सर्वच पाहुण्यांचे लिहिणे अडते, आणि लिहिता लिहिता अडलेली नोंद अर्धवट राहून बिघडण्याचा संभव असतो. शिवाय पाहुण्याने आपल्या घरात फाइली पुसल्या, तरी ती जागा रिकामी झाल्याचे यजमानास आपोआप कळतेच असे नाही. तसा निरोप पोहोचण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागते. म्हणून भांडार ८० टक्के भरले की इशारा मिळावा आणि तो इशारा वाचणारा माणूस नेमलेला असावा. इशारे शेकडोंनी येत आहेत आणि कोणी वाचत नाही, तेथे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी स्थिती होण्यास वेळ लागत नाही.

घराच्या किल्ल्या

यजमान सर्व्हरवर ज्याचा ताबा, त्याचा सर्व पाहुण्यांवर ताबा. पाहुण्याच्या दाराला कितीही मजबूत कुलूप असले, तरी यजमानाचा मुख्य कारभारी त्याची डिस्क थेट वाचू शकतो. म्हणून यजमानावर दुसरे कोणतेही काम ठेवू नये, हा या शास्त्रातील पहिला नियम होय. त्यावर संकेतस्थळ चालवू नये, टपाल उघडू नये, कोणाच्या सोयीसाठी एखादा लहानसा कार्यक्रमही बसवू नये. जितके कमी सॉफ्टवेअर, तितक्या कमी खिडक्या उघड्या. प्रत्येक कारभाऱ्याचे खाते त्याच्या स्वतःच्या नावाचे असावे, प्रवेश संकेतशब्दाऐवजी डिजिटल किल्लीने व्हावा आणि यजमानाच्या कारभाराचे जाळे सामान्य वापराच्या जाळ्यापासून वेगळे राखावे. एकच संकेतशब्द पाच जणांस ठाऊक असेल, तर झालेल्या बदलाची जबाबदारी कोणावरच निश्चित करता येत नाही.

पाहुण्यास यजमानाच्या घरात शिरता येऊ नये, अशी या तंत्राची प्रतिज्ञा आहे. परंतु प्रतिज्ञेतही फटी सापडल्या आहेत. मे २०१५ मध्ये 'व्हेनम' या नावाने ओळखला जाणारा दोष उघडकीस आला. तो क्यूएमयूमधील फ्लॉपी डिस्क चालविणाऱ्या भागात २००४ पासून दडलेला होता. फ्लॉपीचा वापर जगातून जवळजवळ नाहीसा झाला होता, बहुतेकांच्या पाहुण्यांस फ्लॉपी जोडलेलीही नव्हती. तरीही तो जुना भाग आत जागा होता आणि त्यातून पाहुण्यास यजमानाच्या घरात शिरणे शक्य होते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरच्या रचनेतीलच दोष जाहीर झाले. अशा दोषांवरील उपाय सुधारित सॉफ्टवेअरच्या रूपाने येतात. म्हणून "चालते आहे, त्यास हात लावू नका" हे धोरण यजमान सर्व्हरच्या बाबतीत घातक ठरते. सुधारणा नेमाने घ्याव्यात, त्यासाठी महिन्यातील एक वेळ ठरवावी आणि ती वेळ नागरिकांस आधी कळवावी. पूर्वसूचना देऊन तासभर बंद ठेवलेले यंत्र कोणाची मजुरी बुडवीत नाही.

येथे जाळ्यासंबंधी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. सर्व पाहुण्यांची वाहतूक यजमानातील एका आभासी पुलावरून जाते. दूर बसून त्या पुलाची रचना बदलताना एक आकडा चुकला, तर पाहुण्यांबरोबर कारभाऱ्याचाही रस्ता तुटतो; आपण बसलेली फांदी आपणच तोडावी, तसा हा प्रकार. म्हणून यंत्रापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग तपासून घेतल्यावाचून पुलास हात लावू नये.

प्रत कोठे आहे?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळावयाचे. आभासी यंत्रांच्या कारभारात स्नॅपशॉट नावाची एक सोय आहे. तीमुळे पाहुण्याची त्या क्षणीची स्थिती जतन होते आणि पुढे काही बिघडल्यास मागे जाता येते. मोठा बदल करण्यापूर्वी स्नॅपशॉट घेणे ही उत्तम सवय आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी यालाच बॅकप समजण्याची चूक होते. स्नॅपशॉट मूळ डिस्कच्या आधारावर उभा असतो. मूळ डिस्क गेली की तोही जातो. एका डिस्कवरील मजकूर दुसरीवरही लिहिणारी रेड ही पद्धतसुद्धा बॅकप नव्हे. एक डिस्क बिघडल्यास ती काम चालू ठेवते खरी, पण कोणी चुकून नोंदी पुसल्या, तर त्या दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसल्या जातात.

खरा बॅकप म्हणजे मूळ यंत्राशी ज्याचे नशीब बांधलेले नाही, अशी प्रत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा या बाबतीत सर्वत्र मान्य झालेला नियम आहे. नोंदींचे कोष्टक चालू असताना प्रत घ्यावयाची, तर पाहुण्यास क्षणभर लिहिणे थांबविण्याचा निरोप द्यावा लागतो. त्यासाठी पाहुण्यामध्ये एक छोटा साहाय्यक कार्यक्रम बसविण्याची सोय आहे. तो न बसविल्यास अर्धे वाक्य लिहिलेली वही उचलून नेल्यासारखे होते.

या नियमाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे उदाहरण दक्षिण कोरियात पाहावयास मिळाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजोन शहरातील राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या केंद्रात बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. शासनाच्या ७०९ प्रणाली बंद पडल्या आणि त्यांपैकी ९६ प्रणालींस आगीची प्रत्यक्ष झळ पोहोचली. शासकीय कर्मचाऱ्यांनी आपले कामाचे कागद ज्या सामायिक संचयात ठेवले होते, तो सुमारे ८५८ टेराबाइटचा संचय त्यात नष्ट झाला. संचय फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. तंत्रज्ञानात जगात अग्रेसर गणल्या जाणाऱ्या देशात हे घडले. तेथील व्यवस्था प्रत्येक तपशिलात येथे वर्णिलेल्या यजमानासारखी होती, असे नव्हे. परंतु बोध तोच आहे. पुष्कळांचे काम एका छपराखाली आणले की छपराची जबाबदारी त्याच मानाने वाढते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, आणि आग लागल्यावर प्रत काढता येत नाही.

प्रत घेतली, एवढ्याने काम संपत नाही. जी प्रत कधी उतरवून पाहिली नाही, ती आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही. रोज रात्री "बॅकप यशस्वी" असा संदेश येत राहावा आणि प्रसंग आल्यावर फाइल रिकामी निघावी, असे घडू शकते. म्हणून ठरावीक महिन्यांनी एखादा पाहुणा प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर उभा करून पाहावा, त्यास किती वेळ लागला ते लिहून ठेवावे आणि त्या खात्याच्या कर्मचाऱ्याकडून नोंदी तपासून घ्याव्यात. शाळेत आगीच्या वेळी बाहेर पडण्याची कवायत घेतात, तशीच ही कवायत. तीत दोष सापडला, तर तो कारभाऱ्याचा कमीपणा नव्हे. तो वेळेवर सापडला, हेच कवायतीचे फलित होय.

आणखी एक साधी गोष्ट. पुनर्स्थापनेची कृती, यंत्रांची नावे, पत्ते आणि ती कोणत्या क्रमाने सुरू करावयाची, हे सर्व कागदावर छापून ठेवावे. पुष्कळदा हे टिपण एखाद्या पाहुण्याच्याच पोटात ठेवलेले असते. यजमान बंद पडला की तेही उघडत नाही. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट बंद केल्यासारखा हा प्रकार आहे. बॅकपची सांकेतिक किल्लीही अशीच बाहेर, मोहोरबंद पाकिटात आणि दोन जबाबदार व्यक्तींस ठाऊक असलेल्या जागी हवी.

गणपूर्ती

एकच यजमान असेल, तर त्याचा मृत्यू म्हणजे सर्वांचा मृत्यू. म्हणून मोठ्या कार्यालयांत यजमानांचा समूह ठेवतात. एका यजमानाची दुरुस्ती करावयाची असेल, तर त्यावरील पाहुणा चालू अवस्थेतच दुसऱ्यावर नेता येतो. प्रथम त्याची रॅम दुसरीकडे उतरवून घेतात; तेवढ्या वेळात जे बदलले ते पुन्हा उतरवितात; बदल अगदी थोडे उरले की क्षणभर त्यास थांबवून नव्या जागी सुरू करतात. खिडकीतील नागरिकास याची जाणीवही होत नाही. मात्र यजमानांचे प्रोसेसर निरनिराळ्या पिढ्यांचे असतील, तर सर्वांस समान असेल तेवढेच सामर्थ्य पाहुण्यास दाखवावे लागते. नाहीतर नव्या घरी गेल्यावर त्याची फसगत होते.

समूहात एक सूक्ष्म धोका असतो. समजा, दोनच यजमान आहेत आणि त्यांच्यामधील तार तुटली. प्रत्येकास वाटते की दुसरा मेला. मग दोघेही तोच पाहुणा सुरू करू पाहतात, दोघे एकाच दप्तरात लिहू लागतात आणि दप्तराची वाट लागते. यावर योजलेला उपाय ग्रामस्थांस चांगला परिचित आहे. सभेस ठरावीक संख्या उपस्थित नसेल, तर ठराव करता येत नाही. यजमानांच्या समूहासही हीच गणपूर्तीची अट लागू असते. तीन यजमानांपैकी दोघे एकमेकांस दिसत असतील, तर त्यांस निर्णयाचा अधिकार राहतो. एकटा पडलेला तिसरा कोणताही बदल करण्याचे थांबवितो. म्हणून समूह निदान तिघांचा हवा. दोनच यंत्रे परवडत असतील, तर तिसरे मत देण्यापुरते एखादे लहान यंत्र जोडता येते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, अशा प्रदेशात या बरोबरच बॅटरी संपण्यापूर्वी पाहुण्यांस क्रमाने आणि सन्मानाने बंद करण्याची व्यवस्थाही असलीच पाहिजे.

शाळा आणि ग्रामसभा

हे सर्व मोठ्या शहरांतील मोठ्या खात्यांपुरतेच आहे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. शिक्षकांसाठी तर ही एक स्वस्त प्रयोगशाळा आहे. १६ गिगाबाइट रॅम असलेल्या, जुन्या पण चांगल्या स्थितीतील एका संगणकावर लिनक्सचे तीन-चार छोटे पाहुणे आरामात बसतात. संगणक आभासी यंत्रांस योग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रोसेसरच्या माहितीत इंटेलच्या बाबतीत 'व्हीएमएक्स' आणि एएमडीच्या बाबतीत 'एसव्हीएम' हे शब्द शोधावेत. ते दिसत असूनही यंत्र चालत नसेल, तर संगणक सुरू होतानाच्या मांडणीत ही सोय बंद केलेली आहे काय, ते पाहावे. विद्यार्थ्याने पाहुणा उभा करावा, स्नॅपशॉट घ्यावा, मग मनसोक्त मोडतोड करावी आणि पुन्हा पूर्वस्थितीवर आणावा. नुकसानीच्या भीतीवाचून शिकण्याची अशी संधी पूर्वीच्या पिढ्यांस मिळाली नव्हती. याच मुलांतून उद्याचे कारभारी घडावयाचे आहेत.

अधिकाऱ्यांसाठी सांगावयाचे ते इतकेच की, यजमान सर्व्हर विकत घेण्याचा प्रस्ताव आला की त्याच फाइलवर तीन प्रश्न लिहावेत. दुसरी प्रत कोठे राहणार? ती उतरवून पाहण्याची जबाबदारी कोणाची? कारभारी रजेवर गेल्यास त्याच्या जागी कोण? या तिन्हींची उत्तरे नावानिशी लिहिली गेल्यावाचून खरेदी पूर्ण झाली, असे मानू नये. रात्री उठून यंत्र सुरू करणाऱ्या कारभाऱ्याचे काम चांगले चालते, तेव्हा कोणास दिसत नाही. म्हणून ते पाहण्याची आणि त्याची कदर करण्याची सवय वरिष्ठांनी लावून घ्यावी.

आणि ग्रामस्थांसाठी. यंत्र कोणत्या कंपनीचे आहे, किती रुपयांचे आहे, हे नागरिकास ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. परंतु त्याच्या जमिनीची, जन्माची आणि मृत्यूची नोंद ज्या पेटीत आहे, ती पेटी जळाल्यास ती नोंद दुसरीकडे आहे काय, हे विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. "सर्व्हर बंद आहे" असे उत्तर मिळाल्यास रागावून परत फिरण्याऐवजी पुढील ग्रामसभेत शांतपणे एक प्रश्न मांडावा : प्रतीवरून यंत्र पुन्हा उभे करून पाहण्याची कवायत शेवटची केव्हा झाली? ज्या कार्यालयाजवळ या प्रश्नाचे उत्तर तारखेसह तयार असेल, तेथील खिडकी फार काळ बंद राहणार नाही.